पाय टेकण्याआधी

ती पडली तेव्हा तिला कुणी शिवलंही नव्हतं. खो-खोचा सराव चालू होता. आठजणी बसलेल्या, एक मागे लागलेली आणि ही पळणारी. मागची अजून दोन हात लांब होती. हिने डावीकडे जायची हूल दिली, उजवा पाय रोवला आणि अंग फिरवलं. अंग फिरलं, पाय जागेवरच राहिला. "सर, आत कट् झालं ओ," एवढंच ती म्हणाली. सरांनी स्प्रे मारला, मैत्रिणींनी धरून कडेला नेलं, कुणीतरी म्हणालं मुरगळलंय, संध्याकाळी तेल-हळद लाव. आठवड्याने सूज उतरली. दहाव्या दिवशी ती परत मैदानात आली आणि त्याच आठवड्यात घरचा जिना उतरताना गुडघा पुन्हा निसटला. मग एमआरआय झाला आणि कागदावर तो शब्द आला, जो आता सोलापुरातल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे: लिगामेंट.

या शहरात मैदानाच्या कडेला रेंगाळायची सवय असलेल्या माणसाला हे दृश्य नवं नाही. पार्क स्टेडियमच्या आसपास, नेहरूनगरच्या शासकीय मैदानावर, नाहीतर एखाद्या शाळेच्या मुरमाड पटांगणात ते कधी ना कधी दिसतंच. आणि त्याच्या पाठोपाठ एक वाक्य ऐकू येतं: "मुलींचं शरीरच नाजूक ओ, काय करणार." प्रशिक्षक ते कळवळून म्हणतात, आई कपाळाला हात लावून म्हणते, मुलगी स्वतः ते मान्य करते. माझं भांडण या वाक्याशी आहे. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते टिकून राहिलंय. पण ते उच्चारलं की विषय मिटतो. दोष शरीराचाच असेल तर शाळेने काय करायचं, सरांनी काय करायचं? प्रत्यक्षात करण्यासारखं पुष्कळ आहे. ते तोलाचे आणि उतरण्याचे साधे व्यायाम आहेत, सरावाच्या पंधरा मिनिटांत बसणारे, त्यांना यंत्र लागत नाही की निधी लागत नाही. तरी ते होत नाही, आणि का होत नाही हे मला त्या व्यायामांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी त्यातलं खरं किती ते पाहू. गुडघ्याच्या आत, मधोमध, दोन अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, एकमेकांना फुली मारून बसलेले असतात. त्यातला पुढचा तो एसीएल. लांबी तीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटाच्या दोन पेरांहून जास्त नाही. नडगी मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि नको तेवढी पिळली जाऊ नये, हे त्याचं काम. तो तुटतो तो बहुतेक वेळा धक्क्याने किंवा टक्करीने नव्हे. दहातल्या सातेक वेळा गुडघ्याला कुणाचा धक्का लागलेलाच नसतो. धावताना गचकन थांबणं, दिशा बदलणं, उडी मारून एका पायावर उतरणं, एवढ्यानेच काम होतं. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल अशा एकाच खेळातल्या मुली आणि मुलगे शेजारी ठेवून मोजलं, तर मुलींमध्ये हे प्रमाण दुपटीपासून काही पाहण्यांत सहापटीपर्यंत भरतं. आणि ते चढायला लागतं वयात येताना, बाराव्या-तेराव्या वर्षापासून.

यातली काही कारणं हाडामांसात आहेत. कंबरेची हाडं रुंद असल्याने मांडीचं हाड गुडघ्याकडे जास्त तिरकं येतं. हा बंध ज्या खाचेत बसतो ती मुलींमध्ये अरुंद असते. पाळीच्या चक्रातल्या संप्रेरकांनी तो किती सैलावतो यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही. हे काही कुणी बदलू शकत नाही. पण त्याच कारणांत आणखीही काही आहे. उडीवरून उतरताना मुली गुडघा कमी वाकवतात. उतरताच तो आत, दुसऱ्या गुडघ्याकडे ढळू देतात. मांडीचे पुढचे स्नायू जोरात आवळले जातात आणि मागचे उशिरा जागे होतात, त्यामुळे नडगी पुढे ओढली जाते आणि सगळा ताण त्या दोन पेरांवर येतो. या गोष्टी जन्मजात नव्हेत. या उतरण्याच्या, थांबण्याच्या, वळण्याच्या सवयी आहेत, आणि कुणी दुसरं शिकवलं नाही म्हणून लागलेल्या आहेत.

वयात येताना मुलाची उंची वाढते तशी त्याची ताकदही वाढते. मुलीची उंची आणि वजन वाढतं, ताकद त्या वेगाने वाढत नाही. वजनाचा मध्य वर सरकतो, पाय लांब होतात. कालपर्यंत जो तोल होता तो कालच्या शरीराचा होता, नव्या शरीराला तो पुरत नाही. त्याची उजळणी करावी लागते. नेमक्या त्याच वर्षी आपल्या घरांतून काय होतं? मुलाला कुणीतरी तालमीची नाहीतर जिमची वाट दाखवतं. या शहरात तालमींना तोटा नाही. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम ही तर पत्ता सांगायचीच नावं झाली आहेत. (त्यांतल्या कितींमध्ये आज माती घुमते आणि कितींमध्ये फक्त गणपतीची वर्गणी जमते, तो विषय वेगळा.) तिथे गेलेला पोरगा आणखी काही शिकला नाही तरी बैठका शिकतो. पाठ सरळ ठेवून खाली जायचं, मांडीवर भार घेऊन वर यायचं. आजचे फिजिओथेरपिस्ट ज्याला स्क्वॉट म्हणतात ते तालमीत वस्ताद फुकट शिकवत आले. मुलीला त्या दारातून आत यायला कधी सांगितलंच नाही. वर, वजन उचललं तर अंग रांगडं होईल, मग स्थळं कशी येतील, ही काळजी.

आणि तिच्याकडे जे होतं तेही त्याच वर्षी काढून घेतलं जातं. लंगडी हा आपल्या मुलींचा खेळ. एक पाय दुमडून, दुसऱ्यावर उड्या मारत समोरच्याला गाठायचं. प्रत्येक उडी म्हणजे एका पायावर उतरणं, गुडघा वाकवणं आणि लगेच पुन्हा उसळी घेणं. ठिकऱ्या आखून खेळताना खाली वाकून खापरी उचलायची ती एका पायावर उभं राहून. दोरीवरच्या उड्या, फुगडी, झिम्मा, मंगळागौरीला रात्रभर चालणारे खेळ, सगळं तोलाचं काम. जुनं ते सोनं म्हणून मी हे सांगत नाही. लंगडी खेळणाऱ्या आजीचे गुडघे शाबूत होते असा दावा कुणी करू नये. तिचा गुडघा चुलीपुढे दुखायचा आणि तो कुणी मोजत नव्हता. मला एवढंच म्हणायचंय की पाळी आली, "आता उड्या मारत फिरू नकोस" असं घरात बोललं गेलं, आणि ज्या वयात शरीराला तोल नव्याने शिकायचा होता त्या वयात ती शिकवणी बंद झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शाळेच्या संघात निवड झाली म्हणून तीच मुलगी थेट स्पर्धेच्या वेगात पळायला लागते. मग नाजूक कोण? २०२१ साली क्रीडावैद्यकाच्या एका नामांकित ब्रिटिश नियतकालिकात काही संशोधक स्त्रियांनी हाच मुद्दा लावून धरला, की मुलींच्या गुडघ्याचं कारण फक्त हाडांत शोधू नका, त्या कुठे वाढतात, काय शिकतात, त्यांना कोणतं मैदान आणि कोणता व्यायाम मिळतो तेही पाहा. तो लेख परदेशातल्या मुलींवर असला तरी तो वाचताना मला सोलापूरच आठवलं.

आता खो-खो. हा आपला खेळ आहे. सोलापूर, वेळापूर, शेजारचं धाराशिव हा पट्टा मुलींच्या खो-खोसाठी राज्यात ओळखला जातो. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्ण आणलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. म्हणजे आपल्याकडच्या मुली या खेळात किती पुढे जाऊ शकतात याला पुरावा नको. पण हा खेळ गुडघ्याच्या दृष्टीने बघा. पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारीला दोन्ही मुभा आहेत. त्यामुळे पळणारीचं सगळं शस्त्र एकच, ते म्हणजे अचानक थांबून उलटं फिरणं. चांगली खेळाडू म्हणजे जिची हूल पकडता येत नाही ती. एसीएल तुटायला जे लागतं, तेच या खेळात कौशल्य म्हणून नावाजलं जातं. पाठलाग करणारीचंही सोपं नाही. ती उकिडवी बसलेली असते, खो मिळताच त्याच क्षणी सुसाट सुटते, खांबाला धरून गरकन वळते, शेवटी अंग झोकून सूर मारते.

त्यात आता मातीवरून मॅटवर हा प्रवास चालू आहे. मातीत पाय थोडा घसरतो आणि ते घसरणं गुडघ्याला सूट देतं. मॅटवर बुटाची पकड घट्ट बसते, पाय रोवला की रोवला. नॉर्वेत हँडबॉलबाबत आढळलं आहे की लाकडी फरशीपेक्षा जास्त पकड असलेल्या कृत्रिम फरशीवर स्त्री खेळाडूंच्या एसीएलच्या दुखापती जास्त होतात. मॅट नको असं मी म्हणत नाही. दिल्लीत विश्वचषक मॅटवर झाला, पुढच्याही स्पर्धा मॅटवरच होतील. पण वर्षभर मुरमावर सराव करून थेट मॅटवर सामना खेळायला उतरणाऱ्या मुलीला थांबायचं कसं, हे नव्याने शिकावं लागतं, आणि हे तिला कुणी सांगत नाही.

यावर उपाय म्हणून तोलाचा सराव सुचवला की लोकांना वाटतं, पडता पडता सावरायला शिकायचं. तसं नाही. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष दुखापतींच्या चित्रफिती नॉर्वेतल्या संशोधकांनी चौकट-चौकट करून तपासल्या, तेव्हा दिसलं की पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत गुडघा आत ढळलेला असतो. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात मेंदूला खबर पोचून स्नायूंना हुकूम सुटणं शक्यच नाही. त्यामुळे सावरणं हा प्रकारच या दुखापतीत नाही. पाय टेकण्याआधी, हवेत असतानाच, स्नायू कसे आवळलेले आहेत आणि गुडघा किती वाकलेला आहे यावर सगळं ठरून गेलेलं असतं. आणि हे विचार करून होत नाही, अंगवळणी पडलेलं असावं लागतं. सायकल चालवताना आपण हँडल कुठे वळवायचं हे ठरवत नाही, तसं.

म्हणून नुसतं एका पायावर उभं राहून भागत नाही. १९९६ साली इटलीत ६०० पुरुष फुटबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी डगमगत्या फळीवर उभं राहून तोलाचा सराव केला, निम्म्यांनी नाही. तीन हंगामांत न करणाऱ्यांत एसीएलच्या ७० दुखापती झाल्या, करणाऱ्यांत १०. आकडा इतका देखणा, की संशय यावा. चार वर्षांनी स्वीडनमध्ये स्त्री फुटबॉलपटूंना तशाच फळ्या घरी देऊन बघितलं, तर फायदा दिसला नाही. उलट एसीएलच्या ज्या पाच दुखापती झाल्या त्यांतल्या चार फळीवर उभ्या राहणाऱ्या गटातच होत्या. तोल म्हणजे जादू असं सांगत फिरणाऱ्यांकडून हा दुसरा अभ्यास सांगायचा राहून जातो. मला तो पहिल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतो. फळीवर उभं राहायला शिकलेली मुलगी फळीवर उभी राहते. तिला उडीवरून उतरायला, वेगात थांबायला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर भार घ्यायला वेगळं शिकवावं लागतं.

हे सगळं एकत्र करून स्वीडनने पुन्हा प्रयत्न केला. १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुली, आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं. व्यायाम सहाच: एका पायावर अर्धी बैठक, दोन पायांवर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर अंग तोलून धरणं, पाऊल पुढे टाकून वाकणं, आणि उडी मारून नीट उतरणं. जोडीदारीण आणि एक चेंडू, एवढंच साहित्य. सगळा भर एका गोष्टीवर, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला: एसीएलच्या दुखापतींचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी. त्याच्या आदल्या वर्षी शिकागोतल्या सरकारी शाळांमधला अभ्यास आला होता. तिथल्या मुली बहुतांश गरीब घरांतल्या, आणि व्यायाम घेणारे कुणी तज्ज्ञ नव्हते, शाळेचेच प्रशिक्षक होते, दोन तासांचं प्रशिक्षण घेतलेले. तरीही दुखापती घटल्या. सोलापूरच्या दृष्टीने मला स्वीडनपेक्षा शिकागो जवळचं वाटतं.

मग हे आपल्या शाळांत का होत नाही? "सरांना माहीत नाही" हे उत्तर आता पुरत नाही. मोबाइलवर असल्या व्यायामांचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि अनेक सरांनी ते बघितलेत. खरं उत्तर मला त्याच स्वीडिश आकड्यांत सापडलं. व्यायाम न करणाऱ्या २,०८५ मुलींपैकी एका हंगामात १४ जणींचा एसीएल गेला. व्यायाम करणाऱ्या २,४७९ मुलींपैकी ७ जणींचा. म्हणजे काहीच न करता दीडशे मुलींमागे एक, आणि सराव करून साडेतीनशेंमागे एक. आता पंधरा मुलींच्या संघाचे सर डोळ्यासमोर आणा. काहीच न करता त्यांच्या संघात असा गुडघा साधारण दहा वर्षांत एकदा जाईल. नेमाने, मन लावून व्यायाम घेतले तर तेवीस-चोवीस वर्षांत एकदा. हा फरक एका माणसाच्या डोळ्याला दिसणारच नाही. खो-खोचे आकडे वेगळे असतील, कदाचित वाईट असतील, पण हिशोबाची जात हीच राहील. सर म्हणतात, "मी वीस वर्षं संघ काढतोय, माझ्या हाताखाली दोनच पोरींचं असं झालं, नशीब म्हणायचं." ते खोटं बोलत नाहीत. त्यांचा अनुभव त्यांना हेच सांगतो. अनुभव हा आपल्याकडचा सर्वात मोठा गुरू, पण या बाबतीत तो आंधळा आहे, कारण जी दुखापत झाली नाही ती कुठेच दिसत नाही. न तुटलेल्या गुडघ्याचं कुणाला पदक मिळत नाही.

तालुका पातळीवर मोजलं तरी हा फरक धूसर राहील. जिल्हा पातळीवर मोजलं तर दिसेल. आपल्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. आंतरशालेय स्पर्धांना येणाऱ्या प्रत्येक संघाचा नोंदणी अर्ज असतो, त्यात मुलीची जन्मतारीख असते, आधार क्रमांक असतो, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का असतो. त्यात एक रकाना वाढवायचा: गेल्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे कोणी खेळ सोडला का. स्कँडिनेव्हियातल्या देशांनी २००४-०५ पासून एसीएलच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली, म्हणून त्यांना आज बोलता येतं. आपण निदान रकान्यापासून सुरुवात करू शकतो. कागद वाढवायला आपली कार्यालयं कधी नाही म्हणत नाहीत, हा एक दिलासा आहे.

आणि किंमत? ती कोण भरतं, ते पाहिलं पाहिजे. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत खेळताना आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा एसीएल दुखावला. पाच महिन्यांनी, २४ जूनला, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. तिच्या जिद्दीला तोड नाही. पण त्या पाच महिन्यांत तिच्या मागे बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी होती, फिजिओ होते, रोजचं वेळापत्रक होतं. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी कामगाराच्या मुलीच्या मागे काय असतं? तिची आई हजार विड्यांच्या हिशोबाने मजुरी घेते. खासगी रुग्णालयातला शस्त्रक्रियेचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. त्यानंतर किमान नऊ महिने रोजचे व्यायाम, दर आठवड्याला फिजिओकडे खेपा, आणि तेवढा काळ घरात बसलेली मुलगी. नऊ महिने न थांबता घाईने मैदानात गेलं तर पुन्हा तुटायची शक्यता किती तरी वाढते. थांबूनही पंचविशीच्या आतल्या, परत खेळायला लागलेल्या खेळाडूंपैकी जवळजवळ चौघांत एकाचा, याच किंवा दुसऱ्या पायाचा, बंध पुन्हा जातो. दहा-वीस वर्षांनी निम्म्यांच्या गुडघ्यात झिजेच्या खुणा दिसतात. म्हणजे सोळाव्या वर्षी पडलेल्या मुलीला पस्तिशीत उकिडवं बसणं जड जाऊ शकतं. उकिडवं बसल्याशिवाय ज्या घरात स्वयंपाक, धुणं, शौचालय काहीच होत नाही, त्या घरात याचा अर्थ काय होतो हे एक्स-रेमध्ये दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे खेळ म्हणजे नुसता खेळ नसतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. कितीतरी मुलींच्या घरी खो-खोला परवानगी मिळालेली असते ती याच आशेवर. गुडघा गेला की प्रमाणपत्र गेलं, भरती गेली. मग "बस झालं आता" म्हणत जे स्थळ आधी टाळलं होतं तेच पुन्हा घरात येतं. मुलीच्या गुडघ्याचा प्रश्न वैद्यकीय आहे तेवढाच तो तिच्या लग्नाच्या वयाचाही आहे. हे वाक्य कुणाला अतिशयोक्ती वाटलं तर त्याने एकदा अशा एखाद्या घरी बसून बघावं.

काही सरांशी बोलताना एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. सरावाला तासभर मिळतो. पाऊस, परीक्षा, सुट्ट्या जाऊन स्पर्धेआधी जेमतेम सहा आठवडे हातात असतात. त्यातली रोजची पंधरा मिनिटं व्यायामाला दिली तर खेळ कधी शिकवायचा? माझं उत्तर असं, की ही पंधरा मिनिटं नवी नाहीतच. आजही सराव सुरू होण्याआधी मुली मैदानाला चार फेऱ्या मारतात, मग गोल उभं राहून हात हलवतात, मान फिरवतात, गप्पा मारतात. तेवढाच वेळ हवा आहे, त्यातच दुसरं काम करायचं आहे. फेरी मारताना मध्येच थांबून एका पायावर उभं राहायचं, जोडीदारणीने खांद्याला हळूच ढकलायचं. खो देऊन उठताना गुडघा आत जातो का ते बघायचं. हूल दिल्यावर एका मोठ्या पावलात थांबायचं नाही, दोन-तीन छोट्या पावलांत थांबायचं आणि कंबर खाली न्यायची. गुडघ्यांवर बसलेल्या मुलीचे घोटे मागून धरायचे आणि तिने सरळ अंगाने हळूहळू पुढे झुकायचं, मांडीच्या मागच्या स्नायूंचं याहून चांगलं काम महागड्या यंत्रावरही होत नाही. जमलं की डगमगत्या जागेवर हेच करायचं. त्यासाठी फळी विकत घ्यायची गरज नाही, चार पदरी घडी केलेली सोलापुरी चादर पुरते. आणि यातलं थांबणं, वळणं, उठणं हे खेळाबाहेरचं आहेच कुठे? दोन छोट्या पावलांत थांबणारी मुलगी परत सुटतेही लवकर.

खरी अडचण वेळेची नाही, सातत्याची आहे. नॉर्वेत हँडबॉलच्या वरच्या तीन श्रेणींतल्या संघांत हा प्रयोग झाला. पहिल्या हंगामात काहीच न करता २९ एसीएल, मग व्यायाम सुरू केल्यावर २३, त्याच्या पुढच्या हंगामात १७. संशोधक निघून गेले, व्यायाम मागे पडले, आणि दुखापती परत वाढल्या. मग प्रशिक्षकांना पुन्हा गोळा करून, शिबिरं घेऊन ते खाली आणावं लागलं. नॉर्वेसारख्या शिस्तीच्या देशात हे झालं. आपल्याकडे एका शाळेला एक क्रीडाशिक्षक, त्याच्याकडे वरून दोन वर्गांचा इतिहास-भूगोल, निवडणुकीचं काम, पोषण आहाराची नोंद. त्याच्याकडून पदकाची अपेक्षा आहे, गुडघ्याची कुणी करत नाही. मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा जरी विचारलं, "सर, या वर्षी किती मुली जखमी न होता पूर्ण हंगाम खेळल्या?" तर फार फरक पडेल असं मला वाटतं. विचारलं जातं ते केलं जातं, शाळेत तरी.

सरांकडे काही नसलं तरी कान असतात. गुडघा ताठ ठेवून उतरणारी मुलगी जमिनीवर आपटते, तिचा आवाज येतो. गुडघा, कंबर आणि घोटा वाकवून उतरणारीचा येत नाही. परवा एका मैदानावर मी हे बघितलं. ऊन उतरलं होतं, मुरमावर पाणी मारलं होतं. सरांनी बारा मुलींना पायरीवर उभं केलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले. "मारा उडी." धप्प, धप्प, धप्प, पोतं टाकावं तसा. मुली हसत सुटल्या. "मांजरीसारखं उतरायचं. मला ऐकू आलं तर पुन्हा." दुसऱ्या वेळी आवाज थोडा विरळ झाला. पाचव्या-सहाव्या वेळी तर फक्त चपला सरकल्यासारखी खसखस आली, आणि तिच्यात एकच ठसठशीत धप्प. सर वळलेही नाहीत. "डावीकडून चौथी," ते म्हणाले, "ये इकडं, गुडघा दाखव."